घरच्या सर्व्हरवरची फिल्म अडकते, राऊटर बंद-चालू केला की तेवढ्यापुरती चालते

तक्रार साधारण अशी असते. घरात एक छोटा सर्व्हर किंवा नॅस (नेटवर्कला जोडलेला, फायली साठवायचा डबा) आहे. त्यात सिनेमे, मैफलींची रेकॉर्डिंग्ज, घरच्या कार्यांचं चित्रीकरण साठवलेलं आहे. हॉलमध्ये मोठा टीव्ही किंवा प्रोजेक्टर, त्याला रिसीव्हर आणि पाच-सात स्पीकर. बऱ्याच फायली छान चालतात, पण काही ठरावीक फायली मिनिटा-दोन मिनिटांनी थांबतात, पडद्यावर गोल चक्र फिरतं आणि मग गाडी पुढे सरकते. राऊटर बंद करून चालू केला की सगळं सुरळीत. दोन-चार दिवस जातात आणि परत तेच.

इंदुरात मी घरोघरी होम थिएटर आणि नेटवर्क जोडून द्यायची कामं करते. राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, रामबाग, सुदामानगर, आपल्या मराठी घरांमधून सगळ्यात जास्त वेळा हीच तक्रार येते. आणि माझ्यापर्यंत येईतो लोकांचे बहुधा दोन खर्च होऊन गेलेले असतात: इंटरनेटचा प्लॅन वाढवलेला असतो आणि राऊटर नवा आणलेला असतो. बहुतेक घरांत दोष ह्या दोन्हींत नसतो. कष्टाचे पैसे असे चुकीच्या जागी गेलेले बघून मला खरंच वाईट वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. पुढचा खर्च करण्याआधी एक सुट्टीची दुपार द्या, दोष कुठे आहे ते घरच्या घरी सापडेल.

इंटरनेट आधी बाजूला काढा

सर्व्हरवरची फाइल इंटरनेटवरून येत नाही. ती सर्व्हरमधून निघते, नेटवर्कच्या स्विचमधून (अनेक लॅन केबल एकत्र जोडणारा डबा) किंवा राऊटरच्या मागच्या पोर्टांमधून जाते आणि टीव्हीत पोचते. उंबऱ्याबाहेर तिचं काही कामच नसतं. प्लॅन १०० एमबीपीएसचा ३०० केला तरी ह्या वाटेवर काडीचा फरक पडत नाही.

यावर हमखास येणारा प्रश्न: "पण नेटफ्लिक्सवर फोरके कधी अडकत नाही, म्हणजे घरातलं नेटवर्क चांगलंच आहे ना?" इथे आकडे बघायला हवेत. नेटफ्लिक्स फोरकेसाठी १५ एमबीपीएस (दर सेकंदाला मेगाबिट) वेग पुरे म्हणतं. डीव्हीडीला जास्तीत जास्त १० लागतात. साध्या ब्लू-रेची कमाल ५० च्या घरात. फोरकेची अल्ट्रा एचडी ब्लू-रे मात्र १२८ पर्यंत जाऊ शकते. आणि बऱ्याच कॅमेऱ्यांत फोरके चित्रीकरणासाठी १०० एमबीपीएसचा पर्याय असतो. लग्न-मुंजीचा व्हिडिओवाला तो लावतो आणि मूळ फायली पेनड्राइव्हवर आणून देतो. ओटीटीच्या सहा-सात पट हे ओझं आहे. १५ पेलणारी तार १०० पेलेलच असं नाही.

घरातल्या नेहमीच्या उपकरणांत लॅनची, म्हणजे घरातल्या तारेच्या नेटवर्कची, जोडणी १०० किंवा १००० ह्या दोनपैकी एका वेगाला जुळते. मधलं काही नसतं. १०० ला जुळली तर प्रत्यक्ष हाती ९४-९५ एमबीपीएस येतात, १००० ला जुळली तर ९४० च्या आसपास. आता १०० ची फाइल ९४ च्या वाटेने काढायची म्हटली की दर सेकंदाला ६ मेगाबिट कमी पडणार. प्लेअरने आधीच ५० एमबी साठवून घेतले असतील तर ते झाले ४०० मेगाबिट (एक एमबी म्हणजे ८ मेगाबिट), म्हणजे साधारण ६६ सेकंदांत साठा रिकामा. खाली नळ मोकळा सोडलाय आणि मोटर वरच्या टाकीत थोडं कमीच पाणी चढवते आहे, तसा हा प्रकार.

यातून एक फार उपयोगाची खूण मिळते. घड्याळ घेऊन बसा. जवळजवळ सारख्या अंतराने अडकत असेल तर वाट अरुंद आहे, म्हणजे कुठेतरी जोडणी १०० वर बसली आहे. कधी पाच मिनिटांनी, कधी पाऊण तासाने, कधी नाहीच, असं असेल तर संशय वाय-फायवर घ्या. चित्र दोन-तीन सेकंद काळं होतं पण आवाज चालूच राहतो, असं असेल तर नेटवर्कचा संबंधच नाही, एचडीएमआय केबल बघा. प्रोजेक्टरपर्यंत १०-१५ मीटर साधी तांब्याची एचडीएमआय ओढलेली असली की फोरकेला ती दगा देते, तिथे ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशावर सिग्नल नेणारी, एचडीएमआय लागते. तिचं एक टोक सोर्सचं आणि एक डिस्प्लेचं असतं, ते उलट लागलं तर चित्र येणारच नाही, हेही ओढतानाच बघून घ्या.

राऊटर बंद-चालू केल्याने नेमकं काय होतं

तार लावली की दोन्ही टोकांची उपकरणं आपसात ठरवतात, किती वेगाने बोलायचं. दोघांनाही १००० जमत असेल तर आधी १००० चाच प्रयत्न होतो. तार किंवा जोड काठावरचा असेल तर तेव्हापुरतं जुळतंही. मग काहीतरी होतं: पंख्याचा किंवा फ्रिजचा झटका, पावसाळ्यातली ओल, दाबून बसवलेल्या तारेत झालेली थोडी हालचाल. चुका वाढतात, जोडणी तुटते, परत जुळवायचा प्रयत्न होतो. काही वेळा १००० जमलं नाही की बरेच चिप आपणहून खाली उतरून १०० वर समाधान मानतात. ह्याची सूचना पडद्यावर कुठेच येत नाही. नेट चालू असतं, व्हॉट्सॅप चालू असतं, ओटीटी चालू असतं. फक्त मुंजीची फाइल अडकते.

राऊटर बंद-चालू केला की ही बोलणी पहिल्यापासून होतात, पुन्हा १००० जुळतं, आणि माणसाला वाटतं की दोष राऊटरचाच होता. म्हणून रीस्टार्टने बरं वाटणं हा राऊटरविरुद्धचा पुरावा धरू नका. कुठली तरी जोडणी नव्याने जुळली की सुधारतं, एवढंच त्यातून कळतं. पुढच्या वेळी अडकेल तेव्हा राऊटरला हात न लावता फक्त टीव्हीची किंवा सर्व्हरची लॅन केबल काढून परत लावा. तेवढ्यानेच बरं झालं तर दोष त्या तारेच्या वाटेवर आहे.

मोजमाप

स्विचवरचे दिवे पहिल्यांदा बघा. पुष्कळ स्विचमध्ये हिरवा म्हणजे १००० आणि पिवळा-नारिंगी म्हणजे १०० असतं, पण हे कंपनीप्रमाणे बदलतं, स्विचवर बारीक अक्षरांत छापलेलं असतं ते वाचा. विंडोजमध्ये नेटवर्क सेटिंग्जमधल्या इथरनेटच्या पानावर लिंक स्पीड दिसतो. नॅसच्या कंट्रोल पॅनेलमध्येही नेटवर्कखाली तो दिलेला असतो. पण हे सगळं अडकलेल्या वेळी बघायचं. नुकतंच रीस्टार्ट केल्यावर बघाल तर सगळीकडे १००० च दिसेल आणि तुम्ही दोष दुसरीकडे शोधत बसाल.

माझी आवडती चाचणी मात्र साधी आहे, त्याला सॉफ्टवेअरही लागत नाही. गिगाबिट पोर्ट असलेला लॅपटॉप घ्या, टीव्हीच्या मागची केबल काढून लॅपटॉपला लावा, लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा आणि सर्व्हरवरून ५ जीबीची एक फाइल कॉपी करा. कॉपीचा वेग एमबी प्रति सेकंदमध्ये दिसतो, मेगाबिटमध्ये नव्हे. ११० च्या आसपास असेल तर तार १००० वर आहे आणि पाऊण मिनिटात काम होईल. ११ च्या आसपास अडकला तर ती १०० वर आहे, साडेसात मिनिटं लागतील. ११ हा आकडा लक्षात ठेवा. तो दिसला की हार्ड डिस्क, प्रोसेसर, फाइलचा प्रकार ह्यांवर वेळ घालवू नका. आजची साधी हार्ड डिस्कसुद्धा फोरकेला लागतो त्याच्या कित्येक पट वेगाने वाचते.

एकच फाइल लागोपाठ तीन-चार वेळा कॉपी करा, कारण काठावरचा जोड पहिल्या फेरीत नीट वागतो. मग लॅपटॉप एकेक टप्पा सर्व्हरच्या दिशेने सरकवत न्या: टीव्हीजवळचा पॉइंट, मग स्विच, मग सर्व्हरजवळचा पॉइंट. ज्या टप्प्यानंतर ११ चे ११० होतात, दोष त्याच टप्प्यात.

आणखी एक बघून घ्या. कुणी तरी कधी "वेग पक्का करू" म्हणून संगणकाच्या लॅन कार्डात १०० फुल डुप्लेक्स (एकाच वेळी बोलणं आणि ऐकणं) असं हाताने लावून ठेवलेलं असतं. तसं केलं की समोरचा स्विच बोलणी होत नाहीत असं समजून हाफ डुप्लेक्सवर (एका वेळी एकानेच बोलायचं) जातो आणि दोघांची टक्कर सुरू होते. तिथे वेग ११ सोडा, २-३ वर येतो. ते ऑटोवरच राहू द्या, दोन्ही टोकांना.

आठही दिवे लागले तरी तार चुकीची असू शकते

राजेंद्रनगरातल्या एका घरची गोष्ट सांगते, कारण हा दोष इतक्या घरांत आहे की त्याचं नीट वर्णन व्हायला हवं. सर्व्हर वरच्या मजल्यावरच्या अभ्यासाच्या खोलीत, थिएटर खाली. नातवाच्या मुंजीचं चित्रीकरण दर मिनिटाला अडकायचं. "ताई, प्लॅन वाढवला, राऊटर नवा घेतला, आता टीव्ही बदलायचा का?" काकांनी विचारलं. टीव्ही बदलायची काही गरज नव्हती.

टीव्हीची केबल लॅपटॉपला लावली तेव्हा कॉपी १०८ ने सुरू झाली. काका म्हणाले, "हे तर चांगलं दिसतंय." दुसऱ्या फेरीत आकडा डळमळायला लागला, ९०, ६०, मग एकदम शून्य. लॅपटॉपच्या पोर्टाजवळचा दिवा विझला, दोन-तीन सेकंदांनी परत लागला आणि कॉपी सुरू झाली ती ११ ने. तिथून वर गेलीच नाही. केबल काढून लावली, परत १०८. हाच तो क्षण असतो जो टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला कधी दिसत नाही.

मूळ काम केलेला वायरमनही आला होता, भला माणूस, त्याने लगेच लॅनच्या तारेचा टेस्टर लावून दाखवला. "दीदी, आठों बत्ती बराबर जल रही हैं, तार में कुछ नहीं है." दिवे खरंच १ ते ८ ओळीने लागत होते. आम्ही भिंतीवरची प्लेट उघडली. आत तारा अशा बसवल्या होत्या: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दुसऱ्या टोकालाही तशाच. दिसायला इतकं नीटनेटकं की चूक आहे असं वाटणारच नाही.

प्रमाण क्रम असा आहे: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. म्हणजे हिरव्याची जोडी ३ आणि ६ ला, आणि तिच्या मध्ये निळ्याची जोडी ४ आणि ५ ला. हे विचित्र वाटतं, पण सिग्नल जातात ते १-२, ३-६, ४-५ आणि ७-८ अशा जोड्यांतून. प्रत्येक जोडीतल्या दोन तारा एकमेकींना पीळ घातलेल्या असतात आणि त्या पिळामुळेच बाहेरचा आणि शेजारच्या जोडीचा गोंगाट रद्द होतो. रंग ओळीने लावले की ३-६ चा सिग्नल एका पांढऱ्या-हिरव्या आणि एका निळ्या तारेतून जातो. ह्या दोघी एकमेकींच्या जोडीतल्या नाहीतच. आणि ४-५ चा सिग्नल त्यांच्याच सख्ख्या जोडीदारांमधून जातो. दोन सिग्नल एकमेकांत मिसळतात.

टेस्टर फक्त एवढंच बघतो की १ चा १ ला आणि ८ चा ८ ला पोचला का. जोडी कोण कुणाची हे त्याला कळत नाही. आणि १०० च्या वेगात फक्त १-२ आणि ३-६ एवढ्याच तारा वापरात असतात, ४-५ गप्प असतात, म्हणून तिथे ही चूक खपून जाते. १००० ला आठही तारा एकाच वेळी बोलतात आणि तिथे ती उघडी पडते. चार-पाच मीटरची तार असेल तर तरीही चालून जाईल. वरच्या मजल्यावरून फॉल्स सीलिंगमधून फिरून आलेल्या लांब तारेला ते जमत नाही.

दोन्ही टोकं कापून प्रमाण क्रमाने बसवली, पीळ शक्यतो टोकापर्यंत तसाच ठेवला. फाइल कितीही वेळा कॉपी केली तरी वेग १०० एमबी प्रति सेकंदच्या खाली येईना. वायरमनने दोन्ही क्रम कागदावर उतरवून घेतले आणि म्हणाला की पुढच्या घरी असंच करीन. मला ह्याचं मनापासून समाधान वाटलं, कारण त्याच्या हातून दरवर्षी कितीतरी घरांची वायरिंग होत असेल.

तार तांब्याची आहे का

क्रम बरोबर असूनही जोडणी वारंवार १०० वर येत असेल तर तार खरवडून बघा. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार कॅट-६ (गिगाबिटला चालणारी लॅनची तार) म्हणून सर्रास मिळते. ब्लेडने एका तारेचा वरचा थर खरवडा. आत पांढरट चंदेरी दिसलं तर ती ॲल्युमिनियमची. आतपर्यंत तांबूसच असेल तर खरी. अख्खं ३०५ मीटरचं खोकं उचलूनही कळतं, मुलाम्याचं खोकं लगेच हलकं लागतं.

ह्या मुलाम्याच्या तारेचा विद्युतरोध तांब्यापेक्षा बराच जास्त असतो, पण घरच्या अंतरांना खरी अडचण ती नाही. ॲल्युमिनियम वाकवलं की तुटतं आणि जिथे धातूची पाती तारेत रुतते तिथे ते हळूहळू दबतं आणि त्यावर ऑक्साइड धरतं. आज पक्का असलेला जोड दोन पावसाळ्यांनंतर ढिला होतो. प्लास्टिकचं आवरण शाबूत आणि आतली तार तुटलेली, असंही होतं. शिवाय ह्याच तारेवरून सीलिंगमधल्या ॲक्सेस पॉइंटला (वाय-फाय देणारा डबा) वीज पाठवली तर ती तापते. जेल रोडवर किंवा कुठेही घ्याल तेव्हा दुकानदाराला "शुद्ध तांब्याची, बिलावर तसं लिहून द्या" असं स्पष्ट सांगा. बिलावर लिहायला तो कां-कूं करायला लागला तर तुम्हाला उत्तर मिळालं. फरकाची रक्कम भिंत फोडायच्या खर्चापुढे काहीच नाही.

आणि कृपा करून लॅनची तार लाइटच्या तारांबरोबर एकाच पाइपातून ओढू देऊ नका. सिग्नल बिघडतो हे आहेच, पण त्याहून मोठं म्हणजे कधी आवरण खराब झालं तर २३० व्होल्ट थेट टीव्हीच्या पोर्टात येतील. आधीच ओढलेली असेल तर ही एक गोष्ट मात्र खर्च करून बदलून घ्या.

तार चांगली, तरी टीव्हीवर अडकतं

लॅपटॉपवर ११० येतात आणि टीव्हीवर तीच फाइल अडकते, असं झालं तर टीव्हीचं पोर्ट बघा. लाखाच्या वरच्या टीव्हींमध्येसुद्धा लॅनचं पोर्ट पुष्कळदा १०० चंच असतं. कंपन्यांचा हिशेब ओटीटीचा असतो आणि ओटीटीला १०० भरपूर झाले. अशा टीव्हीला कितीही उत्तम तार लावा, ९४ च्या वर जाणार नाही. गंमत वाटेल, पण राऊटर त्याच खोलीत असेल तर त्याच टीव्हीला ५ गीगाहर्ट्झ वाय-फाय तारेपेक्षा जास्त वेग देतं. काही अँड्रॉइड टीव्हींना यूएसबीचं गिगाबिट ॲडॅप्टर चालतं, पण सगळ्यांना नाही, घेण्याआधी कुणाचं तरी उसनं आणून लावून बघा. मला विचाराल तर गिगाबिट पोर्ट असलेला वेगळा प्लेअर किंवा छोटा संगणक रिसीव्हरला एचडीएमआयने जोडावा आणि टीव्हीला फक्त पडदा म्हणून वापरावं. आवाजाचे सगळे प्रकारही मग थेट रिसीव्हरकडे जातात. काही कंपन्यांचे टीव्ही डीटीएस आवाज घेतच नाहीत, त्याची कटकट आपोआप मिटते.

वाय-फायवरच अवलंबून राहायचं असेल तर रामबागेकडच्या जुन्या घरांच्या जाड भिंती ५ गीगाहर्ट्झ फार काही पलीकडे जाऊ देत नाहीत, हे गृहीत धरा. मेशचे (घरभर वाय-फाय पसरवणारे) डबे ठेवले तरी त्यांना आपसात तारेनेच जोडा. आणि राऊटर टीव्हीखालच्या बंद कपाटात ठेवू नका. मे महिन्यात इंदूर चाळिशी ओलांडतं, त्यात रिसीव्हरची उष्णता, त्यात दार बंद. तापलेला राऊटर वेग कमी करतो किंवा स्वतःच रीस्टार्ट होतो.

दुसरी शक्यता म्हणजे सर्व्हर फाइल जशीच्या तशी न पाठवता नव्याने तयार करून पाठवतो आहे. जेलीफिन किंवा प्लेक्स ह्या सर्व्हरवरून फिल्म दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या डॅशबोर्डवर, फाइल चालू असताना, डायरेक्ट प्ले लिहिलंय की ट्रान्सकोड ते बघा. ट्रान्सकोड असेल आणि सर्व्हरचा प्रोसेसर शंभर टक्क्यांवर असेल तर नेटवर्क सोडून द्या. बहुतेक वेळा कारण सबटायटल असतं. ब्लू-रेची सबटायटल्स चित्ररूपात असतात, प्लेअरला ती जमली नाहीत तर सर्व्हर प्रत्येक फ्रेमवर ती चिकटवत बसतो. देवनागरी सबटायटलच्या जागी चौकोन दिसतात म्हणून लोक "चित्रावर चिकटवा" हा पर्याय निवडतात आणि तिथूनच अडकणं सुरू होतं. सबटायटल फाइल यूटीएफ-८ (देवनागरी अक्षरं नीट साठवणारी पद्धत) मध्ये साठवा, प्लेअरमध्ये देवनागरी असलेला फॉन्ट द्या, जेलीफिनमध्ये फॉलबॅक फॉन्टची (अक्षर नसेल तेव्हा वापरायच्या पर्यायी फॉन्टची) सोय आहे ती वापरा, आणि चिकटवण्याचा पर्याय बंद करा.

सर्व्हर टीव्हीच्या यादीतून अधूनमधून गायबच होतो, ही वेगळी तक्रार आहे, पण लोक दोन्ही एकत्र सांगतात म्हणून थोडक्यात. वीज जाऊन आल्यावर गायब होत असेल तर राऊटरने सर्व्हरला नवा आयपी पत्ता (नेटवर्कमधला क्रमांक) दिला असेल. राऊटरमध्ये सर्व्हरचा पत्ता राखून ठेवा. कंपनीचा राऊटर आणि तुमचा राऊटर असे दोन एकामागे एक लावले असतील तर सर्व्हर एका जाळ्यात आणि टीव्ही दुसऱ्या जाळ्यात पडतो. तुमचा राऊटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका. आणि दर वेळी सुरू केल्यावर चार-साडेचार मिनिटांनी गायब होत असेल तर स्विचमधलं आयजीएमपी स्नूपिंग (कुठल्या उपकरणाला कुठला प्रवाह हवा ते ऐकून ठेवण्याची सोय) बघा. स्विच ऐकत बसतो पण जाळ्यात विचारणारा कुणी नसतो, आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये २६० सेकंदांनी तो टीव्हीचं नाव यादीतून काढून टाकतो. क्वेरिअर, म्हणजे तो विचारणारा, चालू करा, किंवा घर लहान असेल तर स्नूपिंग बंद करा.

नवी तार घेताना शील्डेड घेऊ नका

खराब तार बदलताना "सगळ्यात भारी" म्हणून धातूच्या आवरणाची शील्डेड तार आणि धातूचे कनेक्टर लावले जातात. फिल्म अडकायची थांबते आणि स्पीकरमधून गुणगुण सुरू होते. साध्या तारेत लॅन पोर्टाच्या आतले छोटे ट्रान्सफॉर्मर दोन उपकरणांना विजेच्या दृष्टीने वेगळं ठेवतात. शील्ड मात्र वरच्या खोलीतल्या संगणकाचं अर्थिंग आणि खालच्या ॲम्प्लिफायरचं अर्थिंग धातूने जोडून टाकतं. दोन्ही जागी अर्थिंगची पातळी सारखी नसली की त्यातून प्रवाह फिरतो आणि ५० हर्ट्झची गुणगुण ऐकू येते. मैफलीत कलाकार शांतपणे षड्ज लावतो आणि तानपुऱ्याखाली ही गुणगुण, हे ऐकवत नाही. घरात साधी अनशील्डेड शुद्ध तांब्याची कॅट-६ पुरते.

गुणगुण घालवायला संगणकाच्या प्लगची अर्थची पिन तोडू नका, कुणी सुचवलं तरी नाही. त्या पिनेवर घरच्या माणसांचा जीव अवलंबून आहे. ॲम्प्लिफायर, सबवूफर आणि प्लेअर एकाच बोर्डावर घ्या, आवाज ऑप्टिकल केबलने न्या, डिशची तार एकदा काढून बघा. आणि माळव्याची काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते तेव्हा अर्थिंगचा रोधही वाढतो, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात मार्चपासून पाऊस लागेपर्यंत पाणी घालत राहा.

निपानिया, बिचोलीकडे नवं घर बांधत असाल आणि प्लास्टर व्हायचं असेल तर वायरमनला हे सांगून ठेवा: लॅनचा पाइप लाइटच्या पाइपापासून वेगळा, प्रत्येक टीव्ही आणि प्रोजेक्टरच्या जागी एक नव्हे दोन तारा, पाइपात ओढायची एक रिकामी दोरी ठेवलेली, दोन्ही टोकांना एकच क्रमांक लिहिलेला, आणि दोन्ही टोकं वर दिलेल्या प्रमाण क्रमाने. तो टेस्टर लावून आठ दिवे दाखवेल. ते बघा, आणि मग प्लास्टरच्या आधी प्रत्येक तारेवर लॅपटॉप लावून ५ जीबीची फाइल कॉपी करा.